चप्पल दिसल्याशिवाय पपई नाही

कबाब करणं हा माझा धंदा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आडनाव विचारतो आणि मग हॉटेल कुठे आहे ते. हॉटेल नाही. भिंगारला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, मागे पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये एक लांबट लोखंडी शेगडी आणि वीस सळया आहेत. सव्वीस वर्षं एवढ्यावर चाललं आहे. दिवाळी अंकासाठी ‘आपल्या यशाचं रहस्य’ लिहून द्या असं पत्र आलं, तेव्हा मी प्रामाणिकपणे ते शोधायला बसले. माझ्याकडे ते निघालं नाही. निघालं माझ्या सासूबाईंकडे, आणि त्यांनी जन्मात मांसाचा कण तोंडात घातला नव्हता.

आधी कबाब म्हणजे काय ते सांगते, कारण स्वागत समारंभात काडीला टोचून जे फिरवतात त्यावरून पुष्कळांचा गैरसमज झालेला आहे. बोकडाच्या मांडीचं आणि खांद्याचं मांस घ्यायचं, त्यात चौथा हिस्सा चरबी. मांस आधी धुऊन निथळायचं आणि मग त्याचा दोनदा खिमा काढायचा. खिमा झाल्यावर त्याला पाणी लावायचं नाही. कांदा बारीक चिरून, मीठ लावून, फडक्यात घालून कोरडा होईपर्यंत पिळायचा. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरी, शहाजिरं, आणि भाजलेल्या डाळ्याचं थोडं पीठ. हे सगळं भाकरीचं पीठ मळतात तसं रेटून रेटून मळायचं, बोटांना तार लागेपर्यंत. ओल्या हाताने सळईवर दाबून बसवायचं आणि निखाऱ्यांवर राख धरली की फिरवत भाजायचं. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. मी पुस्तकं वाचणारी बाई असल्यामुळे पहिली काही वर्षं मला हेच कबाब वाटत होते.

उरली कच्ची पपई. ती सालासकट वाटून खिम्यात घालतात, मांस मऊ व्हावं म्हणून. तिचा स्वभाव सरकारी समितीच्या बरोबर उलट आहे. एकदा कामाला लागली की थांबत नाही. तासाभरात मांस नरम, दोन तासांत लुसलुशीत, चार-पाच तासांत लापशी. म्हणून माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, एक नियम होता: पाहुण्याची चप्पल दारात दिसल्याशिवाय पपई घालायची नाही.

मामंजी मिरजगावकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी इकडे आले, लष्कराच्या एका मेसमध्ये मुलकी आचारी म्हणून लागले आणि तीस वर्षं साहेबलोकांना कबाब खाऊ घालून निवृत्त झाले. घरी बसवेना म्हणून मागच्या शेडमध्ये ऑर्डरीने कबाब करू लागले. मी बी.ए. होऊन सून म्हणून आले होते. शाळेत नोकरी मिळेना, तेव्हा त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पदवीची चौकशी केली, मान हलवली आणि दोन किलो कांदा पुढे सरकवला.

थाटामाटाचं त्यांना वावडं होतं. एकदा एक केटरर आला. मोठ्या लग्नात आमचे कबाब ‘शाही निजामी कबाब’ या नावाने मांडायचे, वर फेटेवाला वाढपी ठेवायचा, असा त्याचा बेत होता. मामंजी म्हणाले, “शाही म्हटलं की मसाला कमी पडतो.” तो माणूस परत आला नाही. दुसरे एक प्राध्यापक दर बुधवारी डझनभर कबाब पुस्तकांच्या पिशवीतून न्यायचे, नेहमी ‘पाहुण्यांसाठी’. सात वर्षांत त्यांच्याकडे पाहुणा आलेला कोणी पाहिला नाही. श्रावणात मात्र पाहुणे दुप्पट व्हायचे.

या सगळ्या उद्योगात आत्याबाई, म्हणजे सासूबाई, होत्याही आणि नव्हत्याही. त्या माळकरी. मांस चालायचं, पण घराच्या उंबऱ्याबाहेर. शेडमधली भांडी शेडमध्ये, सुरी शेडमध्ये, आणि काम संपलं की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. फ्रिज त्यांच्या हद्दीत असल्यामुळे खिमा बर्फाच्या लादीवर ठेवायचा, वर ओलं फडकं. मामंजी भाजायला बसले की त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या, शेडकडे पाठ करून. मांडीवर सूप, सुपात तांदूळ नाहीतर तूर. आणि मान न वळवता म्हणायच्या, “उलटा आता.”

“उलटतोच होतो,” मामंजी म्हणायचे आणि उलटायचे.

थोड्या वेळाने, “वारा कमी करा.”

“करतोच होतो.”

हे मला प्रत्येक घरात चालतं तसंच वाटायचं. नवरा जे करणारच असतो ते करायला त्याला सांगणं हा आपल्याकडे संसाराचा भाग आहे. मी त्यावर हसायचेही.

मामंजी एका चैत्रात गेले, दुपारी पडल्या पडल्या. भेटायला आलेली माणसं दोन वाक्यं त्यांच्याबद्दल बोलायची आणि तिसऱ्यात म्हणायची, आता ते कबाब संपले. शेगडी मी पेटती ठेवली. सगळं त्यांनी शिकवलं तसंच करत होते. गिऱ्हाईकं खाऊन “छान आहेत” म्हणायची. आमच्या धंद्यात ‘छान’ हा शब्द फार वाईट. चांगला कबाब खाणारा माणूस बोलत नाही, तो पुढचा उचलतो. माझे कबाब कोरडे पडत होते, कधी कच्चे राहत होते आणि का ते मला कळत नव्हतं. आत्याबाईंनी उंबऱ्यावर बसणं सोडलं होतं. सूप भिंतीला टेकून उभं होतं.

माझे पती लष्कराच्याच एका कचेरीत कारकून. त्यांनी त्या वर्षी नवी स्कूटर घेतली आणि तिला उन्हापावसात उभं केलं की त्यांना स्वतःलाच ताप येत असे. त्यांची नजर शेडवर गेली. बाबा होते तोवर ठीक होतं, आता तू कशाला धुरात बसतेस, असं ते म्हणाले. ओरडाआरडा काही नाही. समजावणीचा सूर होता, आणि त्या सुराशी भांडता येत नाही. शेवटी मी एक करार केला. एक मोठी ऑर्डर मी माझ्या हिमतीवर पार पाडते. साधली तर शेगडी राहील, फसली तर त्या दिवसापासून शेड स्कूटरची. ते कबूल झाले.

ऑर्डर संक्रांतीनंतर आली. एका शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांची एकसष्टी. तीनशे कबाब. निमंत्रणपत्रिका जाड कागदाची, सोनेरी अक्षरांची. प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी चार ओळी विशेषणं होती. नाव शोधायला मला बोट फिरवावं लागलं. खाली छापलं होतं: ठीक अकरा वाजता सत्कार, ठीक एक वाजता स्नेहभोजन.

छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची खोड मला लहानपणापासून आहे. पत्रिका खिळ्याला अडकवली, हिशेब केला आणि अकरा वाजता पंधरा किलो खिम्यात पपई घातली. गरम कबाब बारापासून भाजून एकच्या आत टेम्पोने पोचवायचे होते. दारात चप्पल नव्हती. पाहुणा भिंगारला येणारच नव्हता, तो मंगल कार्यालयात जाणार होता, म्हणून त्या नियमाची मला आठवणही झाली नाही.

बाराला संस्थेच्या सचिवांचा फोन आला. घाई करू नका, साहेब शिर्डीला दर्शनाला थांबलेत. साडेबाराला, दर्शन झालं, आता प्रसाद चाललाय. दीडला, निघालेच. अडीचला, राहुरीला कार्यकर्त्यांनी गाडी अडवून सत्कार ठेवलाय, पाचच मिनिटं. त्या पाच मिनिटांची सव्वातीनला चौकशी केली, तर सचिव म्हणाले, “ताई, आता नक्की निघालेत. तुम्ही सुरू करा.” ज्याचा सत्कार व्हायचा तो सकाळपासून हार घालायला मान मोकळी ठेवून बसला होता, आणि ज्याने करायचा त्याचा वाटेत चालला होता. मला मात्र त्या दोघांपैकी कोणाचीही कीव आली नाही. मी फडक्याखालचा खिमा पाहत होते. बर्फाने मांस नासत नाही, पण पपई त्याला जुमानत नाही.

साडेतीनला पहिला कबाब सळईवर दाबला. शेगडीवर धरला. तो क्षणभर राहिला आणि मग ओल्या चिखलासारखा सुटून निखाऱ्यांत पडला. दुसराही पडला. हे टेम्पोसाठी म्हणून रजा काढून घरी होते. शेडचा एक कोपरा त्यांनी नुसता नजरेने मोजला.

तेवढ्यात मागे आवाज आला. “काय पडलं?”

आत्याबाई उंबऱ्यावर होत्या. नऊ-दहा महिन्यांनी पहिल्यांदा. शेडकडे पाठ करून.

मी म्हटलं, “कबाब.”

“पपई कवा घातली?”

“अकराला.”

“चप्पल दिसली हुती का?”

आयुष्यात मला पुष्कळ टोमणे मिळाले आहेत, पण इतका नेमका नाही. त्यांनी पुढचं बोलायला सुरुवात केली आणि आवाज मामंजींशी बोलतानाचा होता, कामाचा. डाळं वाट. किलोला एक मूठ, जास्ती नको, न्हाईतर थालीपीठ व्हईल. हातानं दाबू नको, नुसतं थापून बसव. आनि सूत लागंल.

त्या आत गेल्या. लोखंडी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात पांढऱ्या सुताचा मोठा गुंडा होता. मी तो ओळखला. वटपौर्णिमा तोंडावर आली की बाजारात सुताचा भाव चढतो, म्हणून त्या दर वर्षी होळीच्या सुमारालाच आळीतल्या चार जणींपुरतं सूत आणून ठेवायच्या. त्या वर्षीही आणलं होतं. मामंजी चैत्रात गेले. ज्येष्ठात आळीतल्या बायकांनी सूत दुसरीकडून आणलं, त्यांच्याकडे मागायला कोणी धजावलं नाही.

ह्यांनी गुंडा पाहिला आणि म्हणाले, “आई, हे वडाचं आहे.”

“मला काय करायचं हाय आता?” त्या म्हणाल्या. “धर टोक.”

त्यांनी स्वयंपाकघरातलं लाटणं मागवलं आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसून त्यावर दाखवलं. सूत पाण्यात भिजवायचं, म्हणजे जळत नाही. खालच्या टोकाला एक गाठ, मग बोटभर अंतर सोडत वरपर्यंत वेढे. ताणायचं नाही, नुसतं टेकवायचं. ह्यांना वडाभोवती फिरणाऱ्या बायका पाहायची सवय. ते गुंडा घेऊन सळईभोवती हात फिरवू लागले. आत्याबाईंनी मान वळवली नाही, पण सूत सपासप वाजतंय एवढ्यावरून त्यांना कळलं असावं. “सूत फिरवू नको, सळई फिरव,” त्या म्हणाल्या. कारकुनाने सळई फिरवली. वेढे शिस्तीत बसत गेले. पहिली सळई मी निखाऱ्यांवर धरली. कबाब जागचा हलला नाही.

हे कुठून कळलं, असं मी हात चालवता चालवता विचारलं. मेसमधे एक म्हातारे साहेब हुते, त्या म्हणाल्या. तोंडात दात न्हाई, आनि कबाब तर पायजे. त्यांच्यासाठी मामंजी मुद्दाम असा लापशीसारखा खिमा करायचे आणि सुताने बांधायचे. मामंजींनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. “तू इचारलं न्हाईस,” आत्याबाई म्हणाल्या. “मी खायची न्हाई, म्हनून मला सांगायचे. रोज घरी आले की आज काय केलं, कसं केलं, समदं. आनि मी ऐकायची.”

मग भाजणं सुरू झालं, आणि जे मी आजवर कोणालाच नीट सांगू शकलेले नाही ते घडलं.

“उलट,” त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. कडा अजून कच्च्या दिसत होत्या. मी थांबले.

“उलट म्हनलं ना.”

उलटलं. खालची बाजू भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगावर आलेली होती. क्षणभर आधी कमी, क्षणभर नंतर जास्त. मग पुढचा घाणा, त्यापुढचा घाणा. डाव्या अंगाची सळई काढ. मधल्या दोन र्‍हाऊ दे. वारा थांबव. पाठ आमच्याकडे, समोर घरातली भिंत, हात मांडीवर. तीनशे कबाबांत एकही चूक नाही. मी मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत, पुस्तकांतून विद्वान भेटले आहेत, आणि शहाणपण समोर आलं की आपल्याला ते ओळखता येतं असा माझा समज होता. ते वर्षानुवर्षं माझ्यापासून पाच हातांवर तांदूळ निवडत बसलं होतं आणि मी त्याला हसत होते. मामंजी ‘उलटतोच होतो’ म्हणायचे तेव्हा ते उलटणार नव्हते. ते वाट पाहत होते.

नंतर त्यांनी मला ते शिकवलं. त्यात जादू काही नाही. खिम्यात पाणी आहे तोवर तडतड आवाज येतो. पाणी सरलं की चरबी थेंब थेंब निखाऱ्यावर पडते, तिचा चर्र असा आवाज होतो. दोन चर्रमधलं अंतर वाढू लागलं की उलटायचं. फार वाढलं की कबाब वाळला. कांदा नीट पिळला नसेल तर तडतड संपतच नाही. एवढंच. एका सळईचं मला दोन वर्षांनी जमलं. वीस सळयांचे आवाज वेगवेगळे करणं मला आजही जमत नाही. त्यानंतर त्या अकरा वर्षं उंबऱ्यावर बसल्या आणि मांसाला त्यांनी शेवटपर्यंत बोट लावलं नाही. खाऊन पाहावंसं वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “कशाला? मला म्हाईत हाय की.”

त्या दिवशी टेम्पो साडेपाचला कार्यालयाच्या मागच्या दारी लागला, आणि पुढच्या दारी प्रमुख पाहुणे उतरले. भाजून झालं की सळई फिरवून सुताचं टोक ओढायचं. ते एका ओढीत सरळ सुटून येतं आणि कबाबावर वेढ्यांची बारीक नक्षी राहते. सचिवांना ती आम्ही मुद्दाम काढली आहे असं वाटलं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. प्रमुख पाहुण्यांपुढे ताट गेलं तेव्हा त्यांनी हात जोडले. दर्शन घेऊन आलोय, आज नको. ज्यांच्यासाठी पपईने साडेसहा तास काम केलं त्यांनी वरण-भात खाल्ला.

सत्कारमूर्तींनी मात्र नवी कवळी बसवली होती, दोन आठवड्यांची. ते धास्तीनेच पहिला कबाब तोंडात घालताना मला दिसले. मग त्यांनी काही न बोलता दुसरा उचलला. मग तिसरा. पंगतीत बोलणं हळूहळू थांबत गेलं, आणि ‘छान’ कोणी म्हटलं नाही. निघताना सत्कारमूर्ती जवळ आले आणि म्हणाले, “सासऱ्यांचा हात तुमच्या हातात आलाय.” मी मान लववून आभार मानले. तो हात कुणाचा होता, कान कुणाचे होते, हे मला तिथे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. तो दिवस माझा असावा असं मला वाटत होतं. त्यानंतरही पुष्कळांनी तेच वाक्य म्हटलं आणि पुष्कळदा मी तशीच मान लववली. त्या होत्या तोवर हे लिहायला हवं होतं.

कराराचं मात्र मिटलं नाही. हे कारकून माणूस. स्वतः शंभर वेळा सळईला सूत गुंडाळूनही त्यांनी मुद्दा काढला, की ऑर्डर तू तुझ्या हिमतीवर पार पाडायची होती. ती पाडली आईने. मुद्दा बिनतोड होता. पण त्यांनी घाई केली नाही. स्कूटर लिंबाखाली उभी राहिली, शेगडी जागेवर राहिली आणि हा विषय फाईलमध्ये पडून राहिला.

पावसाळा जवळ आला तसा तो वर निघाला. वटपौर्णिमेच्या आधीचा रविवार होता. मी बाजारात निघाले होते. हे शेडमध्ये मोजपट्टी घेऊन उभे होते, शेगडी काढली तर स्कूटर आडवी बसेल की उभी, याचा अंदाज घेत. आत्याबाई उंबऱ्यावर, शेडकडे पाठ करून, तूर निवडत होत्या. पट्टीचा पत्रा ओढल्याचा आवाज त्यांना ऐकू आला असणारच. त्यांना काय ऐकू येत नसे?

“मंगल,” त्यांनी मला हाक मारली. “बाजारात चाललीस तर सुताचे दोन गुंडे आन. एक वडाला. एक शेगडीला.”

मागे पट्टी खट्कन आपल्या डबीत गेली. हे बाहेर आले, स्कूटरच्या सीटवरची लिंबाची पानं झाडली, आणि तिच्यावर टाकायला एक प्लास्टिकचा कागद आण म्हणाले.

मी दोन गुंडे आणले. कागद विसरले.